‘मला सोडव’ म्हणणाऱ्या वडिलांसाठी मुलगा काय करू शकतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमचे वडील, अण्णा, 71 वर्षांचे निवृत्त शिक्षक. त्यांना मोटर न्यूरॉन डिसीज आहे, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू निकामी होत जाणारा, बरा न होणारा आजार. हात गेलेत, बोलणं अडखळतं, रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लागतो. पुढे गळ्याला छेद देऊन कायमचा व्हेंटिलेटर लावायची वेळ येईल, असं न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलंय. अण्णांनी ठाम सांगितलं की व्हेंटिलेटर नको. त्यापुढे जाऊन ते हल्ली तुम्हाला म्हणतात, ‘मला लवकर सोडव.’ चुलतभाऊ स्वित्झर्लंडमध्ये मरणासाठी मिळणाऱ्या मदतीची माहिती पाठवतो, आई म्हणते असलं ऐकणंसुद्धा पाप. तुम्ही विचारलंय: मदत केली तर गुन्हा होतो का, व्हेंटिलेटर नाकारला तर ती आत्महत्या ठरते का, आणि मुलगा म्हणून योग्य काय?

मी पॅलिएटिव्ह केअरची डॉक्टर आहे. बरे न होणारे आजार असलेली माणसं आणि त्यांची घरं हेच माझं रोजचं काम. कायद्याचं आधी सांगते, कारण तुमच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालीये आणि त्या गल्लतीपायी तुम्ही विनाकारण घाबरलायत.

अण्णांचं आयुष्य संपवायला हेतुपुरस्सर मदत करणं हा भारतात गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम 108 प्रमाणे आत्महत्येला साहाय्य करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. साहाय्य म्हणजे फक्त चिथावणी नव्हे. जाणूनबुजून साधन आणून देणं, सोय करून देणं हेही त्यात येतं. तुम्ही स्वतःच्या हाताने काही केलंत तर प्रकरण आणखी गंभीर. त्यांनी हात जोडून विनवलं होतं हे सिद्ध झालं तरी संमतीमुळे खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जाईल इतकंच, आणि त्याचीही शिक्षा पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. करुणेपोटी केलं, हा आपल्याकडे कायदेशीर बचाव नाही. डॉक्टरलाही नाही. मृत्यू यावा म्हणून मुद्दाम इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरला कुठलंही संरक्षण नाही आणि मला कुणी विचारलं तर माझं उत्तर नाही असंच असतं.

तुम्ही विचाराल की आत्महत्येचा प्रयत्न आता गुन्हा राहिला नाही, मग मदत गुन्हा कशी? इथे थोडा इतिहास लागतो, आणि तो मुंबईतूनच सुरू होतो. अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या एका पोलीस शिपायाने महापालिका मुख्यालयात पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. त्याच्यावर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 309, म्हणजे आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा, लावलं गेलं. 1986 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवलं: जो आधीच जगण्याला विटला त्याला तुरुंगात टाकून काय साधणार? 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. पण 1996 मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती फिरवली. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क नाही, असं त्यांनी सांगितलं. पुढे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं, त्याच्यावर खटला न भरता त्याला उपचार द्यायची जबाबदारी सरकारवर टाकली. नव्या संहितेत जुनं 309 राहिलं नाही, फक्त सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम 226 खाली शिक्षेस पात्र आहे. म्हणजे खचलेल्या माणसाला कायद्याने सोडलं, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याला सोडलं नाही. मला हा फरक पटतो. शेजारी उभा असलेला माणूस नेहमी तुमच्यासारखाच असेल याची खात्री कायद्याला देता येत नाही.

आता दुसरी बाजू, जी तुमच्या खऱ्या गरजेची आहे. त्याच ग्यान कौर निकालात न्यायालयाने एक वाट मोकळी ठेवली होती. मृत्यूची नैसर्गिक प्रक्रिया सुरू झालेली असताना सन्मानाने मरणं हा सन्मानाने जगण्याचाच भाग आहे, असं ते म्हणालं. 9 मार्च 2018 रोजी कॉमन कॉज खटल्यात दुसऱ्या घटनापीठाने त्या वाटेचा रस्ता केला. सज्ञान आणि निर्णयक्षम माणूस कुठलाही उपचार नाकारू शकतो, चालू असलेला थांबवायला सांगू शकतो, अगदी त्या नकारामुळे मृत्यू लवकर येणार असला तरी. तो घटनेच्या कलम 21 खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्कातलाच, हक्क आहे. तेव्हा अण्णांनी व्हेंटिलेटर नाकारणं ही आत्महत्या नाही. त्यांच्या इच्छेला तुम्ही मान देणं हे साहाय्य नाही. डॉक्टरनी ती इच्छा पाळणं हा हलगर्जीपणा नाही. मृत्यूचं कारण त्यांचा आजारच असेल आणि दाखल्यावरही तेच लिहिलं जाईल. गळ्यात नळी घालायला ‘नाही’ म्हटलं म्हणून मुलगा गुन्हेगार ठरत नाही, हे आईंना आणि चुलतभावालाही वाचून दाखवा.

अरुणा शानबाग प्रकरणानंतर ‘इच्छामरण कायदेशीर झालं’ असं बरेच जण समजतात. तसं झालेलं नाही, आणि काय झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. परळच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून हल्ला केला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि त्या कधीच पूर्ववत झाल्या नाहीत. पत्रकार पिंकी विरानी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली: हे जगणं थांबू द्या. केईएमच्या परिचारिका म्हणाल्या, आमची अरुणा आहे, आम्ही सांभाळतो. वॉर्ड क्रमांक चारमध्ये एका पिढीच्या परिचारिका निवृत्त झाल्या आणि पुढच्या पिढीने तिला भरवलं, पुसलं, कूस बदलली. इतक्या वर्षांत पाठीला जखम होऊ दिली नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत हे किती अवघड आहे, हे तुम्ही आता अनुभवत असाल. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने जीवरक्षक उपचार थांबवण्याला उच्च न्यायालयाच्या परवानगीने मान्यता दिली, पण अरुणा यांच्याबाबतीत मात्र याचिका फेटाळली. त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं ठरवलं. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या.

मला त्या खटल्यातली एक गोष्ट कधी विसरता येत नाही. दोन्ही बाजूंना त्या बाईची कळकळ होती, आणि तिला स्वतःला काय हवं होतं हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. असणार कसं? ती ड्युटी संपवून कपडे बदलायला गेली होती. अण्णा आज सांगू शकतात. म्हणून माझा पहिला आग्रह असा की अण्णा काय म्हणतात ते येत्या काही दिवसांत कागदावर आणा. या आजारात आवाज जातो, सहीचा हात जातो, आणि काही रुग्णांत विचारशक्तीवरही परिणाम होतो. न्यूरॉलॉजिस्टकडून ‘रुग्ण स्वतःचे निर्णय घेण्यास सक्षम आहे’ अशी तारखेसह नोंद आजच घेऊन ठेवा.

या कागदाला लोक लिव्हिंग विल म्हणतात. 2018 च्या निकालातली पद्धत इतकी किचकट होती की ती जवळजवळ कुणालाच वापरता आली नाही. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही करायची, आणि उपचार थांबवायच्या वेळी त्यांनीच रुग्णालयात येऊन खात्री करायची. 24 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सोपी केली. आता अण्णांनी स्वतःच्या शब्दांत लिहून किंवा लिहवून घ्यायचं: कुठल्या अवस्थेत कुठले उपचार नकोत. व्हेंटिलेटर, छाती दाबून हृदय सुरू करणं, डायलिसिस, पोटात नळी, जे असेल ते नाव घेऊन. मोघम ‘मला त्रास देऊ नका’ याचा आयसीयूतल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला काही उपयोग नसतो. आपण निर्णय घेऊ शकत नसलो तर आपल्या वतीने कुणी बोलायचं, त्यांची नावं घालायची. एकाहून जास्त नावं चालतात. सही दोन साक्षीदारांसमोर, शक्यतो घराबाहेरच्या. आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर. सही जमत नसेल तर अंगठा घ्या आणि अण्णा स्वतः होकार देतायत असं मोबाइलवर चित्रीकरणही करून ठेवा. हे मत अण्णा कधीही बदलू शकतात, तेही त्यांना सांगा. बऱ्याच जणांना हे ऐकूनच हायसं वाटतं.

एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे हे कागद जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यायची असते. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी याच मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यातून महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. मुंबई महापालिकेत ते काम विभागांच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आहे. तुमच्या नगरपालिकेत आरोग्य विभागात विचारा. समोरच्या माणसाला हे माहीतच नसेल तर वाद घालत बसू नका. साध्या अर्जासोबत प्रत जोडून आवक विभागात द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या.

पुढे अण्णा बेशुद्ध असताना उपचार थांबवायची वेळ आली तर रुग्णालयात दोन मंडळं बघतात. पहिल्यात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ, जे पहिल्या मंडळात नव्हते. प्रत्येकाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. दोन्ही सहमत झाली आणि अण्णांनी नेमलेल्या व्यक्तींची संमती असली की न्यायदंडाधिकाऱ्याला कळवून निर्णय अमलात येतो. मंडळांनी नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं. मात्र अण्णा शुद्धीत असतील आणि स्वतः ‘नको’ म्हणत असतील, तर त्यांचा नकार हाच निर्णय. म्हणून मी लोकांना सांगते, व्हेंटिलेटर लावायचा की नाही हा विचार आणीबाणीच्या रात्री करू नका.

आता ‘मला सोडव’कडे येते. कायद्यापेक्षा मला याचीच जास्त काळजी आहे.

एका निवृत्त एसटी कंडक्टरांच्या घरी मी जात असे. हाच आजार. बोलणं पूर्ण थांबलेलं. नातीने पुठ्ठ्यावर बाराखडीचा तक्ता केला होता. ती अक्षरांवरून बोट फिरवायची, हवं ते अक्षर आलं की आजोबा डोळे मिटायचे. घरच्यांनी दारातच मला सांगितलं, ‘सारखं मरू द्या म्हणतात.’ मी त्यांना विचारलं, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? बोट बराच वेळ फिरत राहिलं. आलेलं उत्तर होतं ‘रात्र’. पोरीने पुढे विचारत विचारत उलगडा केला. रात्री मास्क सरकायचा, हवा गळायची, जीव घाबरायचा, आणि हाक मारता येत नव्हती. शेजारी बायको दिवसभराच्या कष्टाने गाढ झोपलेली. ते सकाळपर्यंत जागे राहून मास्क सरकतोय का याचीच वाट बघायचे. उजव्या पायाचा अंगठा अजून हलत होता. त्यांच्या मुलाने बाजारातून साधं दारावरच्या बेलचं बटण आणलं आणि पलंगाच्या पायथ्याला फळी ठोकून अंगठ्याखाली बसवलं. मास्कचं माप बदललं, झोपताना मॉर्फिनचा अगदी छोटा डोस सुरू केला. मरणाचा विषय त्यानंतरही निघायचा, पण तो घाबरून निघत नव्हता. काही महिन्यांनी ते घरीच, व्हेंटिलेटरशिवाय गेले.

सगळ्यांचं असं एका बटणाने सुटतं असा माझा दावा नाही. पण तुम्ही अण्णांना अजून ‘असं बोलू नका हो’ एवढंच म्हणत असाल, तर तो प्रश्न तुम्ही अजून विचारलेला नाही. शेजारी बसा, आई नसताना बसा, आणि विचारा: सगळ्यात वाईट काय वाटतं? पुढे काय होईल अशी भीती आहे? निम्म्या लोकांकडून मला ऐकू येतं, ‘पोराला भार झालो.’ त्याला ‘छे, भार कसला’ हे उत्तर पुरत नाही, कारण भार असतोच आणि त्यांना तो दिसतो. रात्रीसाठी बाई ठेवणं, बहिणीने महिन्यातला एक आठवडा येणं, तुमची झोप पूर्ण होणं, ही खरी उत्तरं. अण्णा मधूनच रडत किंवा हसत असतील तर न्यूरॉलॉजिस्टला सांगा. या आजारात मनात दुःख नसतानाही तसं होतं आणि त्यावर औषध आहे. सतत उदास असतील, कशातच रस उरला नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला घरी बोलवा. मरणाच्या छायेतल्या माणसाचं नैराश्यही उपचारांनी कमी होतं. तातडीने बोलावंसं वाटलं, अण्णांना किंवा तुम्हाला स्वतःला, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळही लिहिलेली नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते.

बऱ्याच रुग्णांच्या मनातली भीती असते ती ‘गुदमरून, तडफडून जाईन’ ही. अण्णांनी नेटवर वाचलं असेल. वस्तुस्थिती वेगळी आहे. श्वासाचे स्नायू थकत जातात तसा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, झोप वाढत जाते, आणि बहुतेक रुग्ण त्या झोपेतच जातात. मधल्या काळात लागणारी धाप आणि घाबरेपणा यांवर मॉर्फिन आणि मिडाझोलाम चांगली चालतात. मॉर्फिन म्हटलं की घरात सगळे दचकतात. योग्य प्रमाणात, हळूहळू वाढवलेलं मॉर्फिन मृत्यू ओढून आणत नाही, धाप कमी करतं. त्रास कमी करायच्या हेतूने, त्रासाच्या मापाने दिलेलं औषध कायद्याने आणि वैद्यकीय नीतीने पूर्ण योग्य आहे. 2014 मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन रुग्णालयांना ते मिळवणंही सोपं झालं, तरी अजून कितीतरी जिल्ह्यांत ते मिळत नाही, आणि माणसं वेदनेने मरण मागतात. ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते. 1986 मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या काळातल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण. मुंबईत टाटा रुग्णालयाचा विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. ही दोन्ही मुख्यतः कर्करुग्णांसाठी आहेत, पण तुमच्या जवळ कोण घरी येऊन बघतं याची माहिती अशा ठिकाणांहून मिळू शकते.

आणखी एक वैद्यकीय सूचना, हिच्यासाठी थांबू नका. अण्णा पुढे बायपॅपही काढा म्हणतील अशी शक्यता आहे. तोही त्यांचा हक्क. पण ज्याचा श्वास पूर्णपणे मशीनवर आहे त्याचा मास्क घरच्यांनी एकट्याने कधीही काढू नये. आधी औषधाने घाबरेपणा शमवायचा, डॉक्टर जवळ हवा, मग हळूहळू. नीट केलं तर शांतपणे होतं. तयारीविना केलं तर जी भीती आयुष्यभर होती तीच खरी ठरते.

एवढं सगळं करूनही ज्यांची इच्छा बदलत नाही, अशी माणसं असतात. मी अशा एका बाईंची काळजी घेतली आहे. वेदना आटोक्यात, घर प्रेमाचं, पैशाची चिंता नाही, नैराश्य नाही. तरी त्या म्हणायच्या, ‘डॉक्टर, माझं झालं. आता वाट कशाला बघायची?’ मी त्यांना मरणाचं औषध दिलं नाही, देऊ शकत नव्हते. पण त्यांचा प्रश्न चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्यांच्या युक्तिवादाला धार होती: शेजारच्या खोलीतला माणूस मशीनवर आहे, तो मशीन बंद करायला सांगून जाऊ शकतो, माझ्याकडे बंद करायला मशीन नाही म्हणून मी थांबायचं? मोटर न्यूरॉनच्या रुग्णांनीच हा प्रश्न जगभर न्यायालयांत नेला आहे. इंग्लंडच्या डायान प्रेटी यांना हवं होतं की पतीने मदत केली तर त्याच्यावर खटला होऊ नये. एप्रिल 2002 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने नकार दिला आणि दोन आठवड्यांच्या आत त्या हॉस्पिसमध्ये गेल्या. कॅनडाच्या स्यू रॉड्रिगेझ 1993 मध्ये एका मताने हरल्या, पाच विरुद्ध चार. त्याच न्यायालयाने 2015 मध्ये एकमताने आपली भूमिका बदलली आणि 2016 मध्ये तिथे कायदा आला.

मग आपल्याकडेही यावा का? माझं मत: आज नाही. आपल्या आयसीयूंत शेवटचा निर्णय पुष्कळदा पैसा करतो. रोजचं बिल भरवेना की नातेवाईक ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत’ या फॉर्मवर सही करतात. अँब्युलन्समध्ये श्वास देणारा फुगा हाताने दाबत नेतात आणि दारात पोचल्यावर दाबणं थांबतं. ना मॉर्फिन, ना डॉक्टर, आणि मुलाच्या मनात जन्मभर ‘मी बापाला मारलं’. या देशात मरणाची मदत कायदेशीर झाली तर ती आधी कुणाच्या वाट्याला येईल? विधवा आत्या, अपंग मुलगा, जिचं नाव सातबाऱ्यावर आहे ती म्हातारी. अरुणा शानबाग यांच्या 2011 च्या निकालात न्यायमूर्तींनीही हीच शंका लिहिली आहे, की मालमत्तेसाठी खोटे कागद उभे केले जातील. कॅनडात 2021 मध्ये मृत्यू जवळ नसलेल्या रुग्णांनाही परवानगी मिळाली आणि तिथल्या अपंगांच्या संघटना विचारू लागल्या की घर आणि मदतनीस मिळत नाही म्हणून मरण मागणं ही निवड कसली? तिथे हा प्रश्न उभा राहतो, तर आपल्याकडे काय होईल? ज्या दिवशी प्रत्येक तालुक्यात मॉर्फिन आणि घरी येणारी नर्स मिळेल, त्या दिवशी मी हा वाद नव्याने ऐकायला तयार आहे. त्या बाईंना हे मत अन्यायाचं वाटलं असतं, याची जाणीव ठेवून मी ते मांडते.

स्वित्झर्लंडचं थोडक्यात. तिथल्या दंडसंहितेच्या कलम 115 प्रमाणे स्वार्थी हेतूने केलेली मदतच तेवढी गुन्हा ठरते, म्हणून परदेशी लोकही तिथे जातात. पण भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या कृत्यालाही आपली न्याय संहिता लागू होते. कागदपत्रं जमवणं, तिकीट काढणं, सोबत जाणं याला तपास अधिकारी मदत म्हणू शकतो. चुलतभावाला सांगा, फौजदारी वकिलाशी बोलल्याशिवाय या वाटेला कुणीही जाऊ नये. आणि अण्णांची आजची तब्येत पाहता तो प्रवासच त्यांना झेपणार नाही, असं माझं वैद्यकीय मत आहे.

आईंच्या पापाच्या शंकेला मी धर्मशास्त्राने उत्तर देऊ शकत नाही, पण आपल्या मातीतली उदाहरणं त्यांच्यासमोर ठेवते. 1966 मध्ये सावरकरांनी अन्न-औषध सोडून देह ठेवला. 1982 मध्ये पवनारला विनोबांनी तेच केलं. जैनांची सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून मृत्यू स्वीकारण्याचं व्रत, 2015 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने आत्महत्या ठरवली, पण त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. ही त्या त्या माणसाची स्वतःची निवड होती, दुसऱ्या कुणाच्या हाताने काही घडलं नाही. अण्णांनी तसं करावं असं मी मुळीच सुचवत नाही. एवढंच की उपचार आवरते घेऊन मृत्यूला सामोरं जाणं आपल्या परंपरेला परकं नाही, आणि शेवटच्या दिवसांत भूक आपोआप मिटते तेव्हा जबरदस्तीने न भरवणं हे उपाशी ठेवणं नव्हे. आई तेव्हा चमचा घेऊन मागे लागतील. त्यांना ओठ ओले करायचं काम द्या. ते काम खरंच लागतं.

आता या आठवड्यात काय करायचं ते सांगते. न्यूरॉलॉजिस्टची सक्षमतेची नोंद, कागद, नोटरी. त्यानंतर फॅमिली डॉक्टरला घरी बोलावून शेवटच्या धापेसाठी कुठलं औषध, किती, कुणी द्यायचं हे लिहून घ्या आणि ते औषध घरात आणून कुलपात ठेवा. डॉक्टरांचा रात्री लागणारा नंबर त्याच कागदावर हवा. नाहीतर रात्री दोन वाजता धाप वाढली की शेजारी 108 ला फोन करतील, अँब्युलन्समधला मुलगा त्याच्या कर्तव्याप्रमाणे नळी घालेल, आणि अण्णांनी इतक्या विचाराने नाकारलेली गोष्ट दहा मिनिटांत होऊन बसेल. म्हणून कागदाची एक प्रत पलंगाशेजारच्या भिंतीवर लावा, आणि रात्री थांबणाऱ्या प्रत्येकाला, बाईंसकट, आधीच सांगून ठेवा की पहिला फोन डॉक्टरांना.